संगणकाच्या खोड्या आणि आपण

जांवई रुसला म्हणजे त्याची समजूत काढण्यासाठीं मध्यस्थ लागतो. सासऱ्यानें स्वतः तोंड उघडूं नये, असा जुना रिवाज आहे. आपल्याकडील घरांत संगणकाचा मान जवळजवळ असाच आहे. तो आला म्हणजे त्याला चांगली जागा मिळते, त्याच्यावर क्रोशाचें आच्छादन पडतें, लहान मुलांस त्याच्याजवळ फिरकूं देत नाहींत. आणि एके दिवशीं तो अडून बसला म्हणजे घरांतील सर्व माणसें हात बांधून उभीं राहतात व गांवांतील दुरुस्तीवाल्याची वाट पाहतात. दुरुस्तीवाला दोन दिवसांनीं येतो, यंत्राच्या पाठीमागें हात घालून एक सैल झालेली तार दाबून बसवितो आणि पैसे घेऊन निघून जातो. त्यानें काय केलें हें कोणी विचारीत नाहीं, व तोही सांगत नाहीं.

हा प्रकार बंद झाला पाहिजे, असें माझें स्पष्ट मत आहे. दुरुस्तीवाल्याचा धंदा बुडावा असा माझा हेतु नाहीं; त्याला खरीं कामें पुष्कळ आहेत. परंतु ज्या खोड्या दाराची कडी सैल झाल्याइतक्या क्षुल्लक आहेत, त्यांच्यापुढें दहावीच्या वर्गांत बसलेल्या मुलामुलींनीं हतबुद्ध व्हावें, ही गोष्ट शाळेस भूषणावह नाहीं. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं मुंबईसारख्या मोजक्या शहरांतून आपल्या देशांतील सामान्य लोकांस इंटरनेट खुलें झालें. त्या वर्षीं जन्मलेलीं मुलें आतां स्वतः पालक झालीं आहेत. इतका काळ ज्या यंत्रासंगें काढला, त्याचा स्वभाव आपण ओळखूं नये काय?

मी हें अधिकारानें बोलतों असें मात्र कोणी समजूं नये. माझे डोळे एका प्रसंगानें उघडले, आणि तो प्रसंग माझ्या फजितीचाच आहे.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. यावलकडील एक केळीबागाईतदार आपल्या नववींतील मुलीस घेऊन दुपारीं चारच्या सुमारास माझ्याकडे आले. बाजारांतील एका दुकानांत ते सकाळपासून ताटकळले होते. तेथें गर्दी फार, म्हणून अखेर शाळेचा आश्रय. शाळेंतही त्या दिवशीं सकाळपासून वीज नव्हती. ती नुकतीच आली होती. मीं संगणक सुरू केला, अर्जाचें पान मागविलें, आणि पडद्यावर ताकीद उमटली कीं हें ठिकाण सुरक्षित नाहीं, पुढें जाऊं नये. मीं पुन्हां मागविलें. पुन्हां तीच ताकीद. दुसरें एखादें पान मागवावें, तर तेथेंही तेंच. वीस मिनिटें मीं तीच कळ दाबीत काढलीं आणि शेवटीं म्हणालों, "आप्पा, आज नेटच बिघडलेलें दिसतें. माझा कांहीं इलाज चालत नाहीं."

ते गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. मग संकोचानें म्हणाले, "सर, मला यांतलें कांहीं कळत नाहीं. पण आमच्या मळ्यांत ठिबकच्या शेवटच्या झाडाला पाणी पोंचेना, तर आम्ही त्या झाडापाशीं बसून राहत नाहीं. मोटरीपासून निघतों आणि नळीनळीनें चालत येतों. पाणी कुठपर्यंत येतें आणि कुठून पुढें येत नाहीं, तें पाहतों. इथें पाणी कुठपर्यंत येतें, तें पाहिलें का?"

मीं तें पाहिलें नव्हतें. मग आम्ही तिघे मोटरीपासून निघालों. राउटरचे दिवे लागत होते. त्याच राउटरवर माझा मोबाईल जोडून पाहिला, तों अर्जाचें पान तत्काळ उघडलें. म्हणजे पाणी राउटरपर्यंत, नव्हे त्याच्याही पुढें, ठीक येत होतें. अडलें होतें तें ह्या एकाच झाडापाशीं. आतां त्या यंत्राकडेच निरखून पाहणें आलें. तेव्हां ती मुलगी पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट करून हळूच म्हणाली, "सर, यांत तारीख चुकली आहे." पाहतों तों तारीख कित्येक वर्षांपूर्वींच्या एक जानेवारीची! तारीख दुरुस्त केली, पान उघडलें, आणि साडेपांचाच्या आंत अर्ज गेला.

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. संगणक बंद असतांनाही त्याच्या पोटांतील घड्याळ चालूं ठेवण्यासाठीं एक लहानसा सेल बसविलेला असतो. तो रुपयाच्या नाण्यासारखा दिसतो आणि त्याच्यावर बहुधा सीआर २०३२ असा क्रमांक असतो. त्याचा दाब तीन व्होल्ट. हा सेल कांहीं वर्षांनीं संपतो. मग भिंतींतील वीज असेपर्यंत घड्याळ चालतें, आणि वीज गेली कीं यंत्राला काळाचें भान राहत नाहीं. तें आपल्या जन्मकाळाच्या आसपासची तारीख दाखवूं लागतें. आतां ज्या पानांवर आपण अर्ज भरतों किंवा पैसे देतों, त्या प्रत्येक ठिकाणाजवळ ओळखीचें एक प्रमाणपत्र असतें व त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत लिहिलेली असते. जळगांव-भुसावळ गाडींतील तिकीट-तपासनीसाच्या हातांतील दिनदर्शिका जर दहा वर्षांपूर्वींची असेल, तर तो प्रत्येकाचा पास खोटा ठरवील; त्यांत प्रवाशांचा दोष नाहीं. आमचा संगणक त्या दिवशीं हेंच करीत होता. पुष्कळ यंत्रें नेटवरून स्वतःची वेळ आपोआप सुधारून घेतात हें खरें. परंतु घड्याळ फारच मागें पडलें असेल तर तीं असें साहस करीत नाहींत. नवा सेल एका चांगल्या वहीच्या किमतींत मिळतो व बसविण्यास पांच मिनिटें लागतात. तो न बदलल्यामुळें एका मुलीची शिष्यवृत्ति जात होती.

तेव्हांपासून मी त्या बागाइतदारांस ह्या विषयांतील माझे गुरु मानतों. आपल्या जिल्ह्यांत ठिबकाच्या नळ्या ज्यानें पाहिल्या नाहींत असा मुलगा विरळा. क्षार धरून एखादें छिद्र बुजलें, किंवा उंदरानें नळी कुरतडली, तर शेतकरी काय करतो? तो अंदाजानें सगळी नळी उखडीत नाहीं. मोटर, गाळणी, मोठी नळी, लहान नळी, छिद्र, या क्रमानें तो पाहत जातो, आणि जेथें पाणी संपलें तेथें बसतो. संगणकाच्या बाबतींतही हीच वाट आहे. भिंतींतील प्लगाचा खटका दाबलेला आहे ना? यूपीएसचा दिवा लागतो ना? पडद्याची स्वतःची तार घट्ट आहे ना? (संगणक मेला म्हणून रडारड झाली आणि शेवटीं पडद्याचीच कळ बंद होती, असें मीं एकदां नव्हे, चारदां पाहिलें आहे.) नेटची जाड तार जेथें यंत्रांत शिरते, तेथें दोन बारीक दिवे असतात, ते लुकलुकत असतील तर तारेंतून कांहीं तरी येत आहे, ते अजिबात लागत नसतील तर तार, तिचें टोंक किंवा पलीकडचें यंत्र, यांतच दोष शोधावा. त्या तारेच्या टोंकाला प्लास्टिकची एक इवलीशी चाप असते. ती मोडली कीं तार आंत बसल्यासारखी दिसते, पण टेबलास धक्का लागतांच निसटते. आमच्याकडील निम्मे "नेट गेलें" हे ह्या चापेचे प्रताप आहेत, असें म्हणण्याचा मोह मला आवरत नाहीं. चाप तुटलेल्या तारेस चिकटपट्टी लावून दिवस काढण्यापेक्षां टोंक बदलून घ्यावें. तसेंच ही तार एका सलग पल्ल्यांत शंभर मीटरांहून लांब नेऊं नये. शाळेच्या एका इमारतींतून दुसरींत तार नेतांना ही मर्यादा कोणी लक्षांत घेत नाहीं.

दिवे लागत आहेत, तरी नेट नाहीं, अशा वेळीं संगणकाचा पत्ता पाहावा. नेटच्या जाळ्यांत प्रत्येक यंत्रास आंकड्यांचा पत्ता असतो, व घरांतील यंत्रांस तो राउटर वाटून देतो. घरगुती पत्ते बहुधा १९२.१६८ ह्या आंकड्यांनीं सुरू होतात. त्याऐवजीं १६९.२५४ असा आरंभ दिसला, तर समजावें कीं यंत्रानें पत्ता मागितला, कोणी दिला नाहीं, म्हणून त्यानें नाइलाजानें स्वतःच एक घेतला. अशा वेळीं राउटरची वीज काढावी, अर्धा मिनिट थांबावें, पुन्हां द्यावी, आणि त्याचे दिवे स्थिर झाल्यावर मग संगणक पुन्हां सुरू करावा. अर्धा मिनिट थांबण्यास कारण आहे: आंतील साठवणींत राहिलेली वीज पूर्ण ओसरल्यावांचून तें यंत्र खऱ्या अर्थानें झोंपत नाहीं व जुना गोंधळ विसरत नाहीं.

बिनतारी नेटची कथा थोडी निराळी. आपल्याकडील जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती हातहातभर जाड. उन्हाळ्यांत त्या जिवाला थंडावा देतात, पण बिनतारी लहरींना त्या अडसरच आहेत. हल्लींच्या राउटरांतून बहुधा दोन प्रकारच्या लहरी निघतात, एक २.४ गिगाहर्ट्झची आणि दुसरी ५ ची. दुसरी वेगवान, पण भिंतींपुढें लवकर दमणारी. पहिली मंद, पण दूर पोंचणारी. माजघरांतील राउटरचा ओसरीवर उपयोग होईना, तर अधिक पैशांची योजना घेण्यापूर्वीं पहिली लहर निवडून पाहावी, आणि राउटर कपाटामागून काढून उंचावर, मोकळ्या जागीं ठेवावा. पुष्कळ घरांत तो दिसूं नये म्हणून पितळी भांड्यांच्या मागें दडवितात. मग तो बिचारा काय करणार?

"बंद करून पुन्हां सुरू करा" ह्या उपायाची थट्टा फार होते. परंतु तो उपाय अडाणीपणाचा नाहीं. संगणक दिवसभर अनेक कामें अर्धवट धरून ठेवतो. त्यांतील एखादें अडून बसलें तर तें इतरांची जागा व वेळ खातें. पुन्हां सुरू करणें म्हणजे पाटी पुसून आरंभ करणें. यांत एक मेख मात्र आहे, ती फारच थोड्यांना ठाऊक असते. २०१२ सालीं आलेल्या विंडोज ८ पासून "शट डाउन" म्हटलें तरी यंत्र आपली पाटी पूर्ण पुसत नाहीं; पुढच्या वेळीं लवकर उठतां यावें म्हणून मूळ कार्यप्रणालीची स्थिति तें जपून ठेवतें. "रीस्टार्ट" म्हटलें तरच पाटी कोरी होते. म्हणून जे गृहस्थ "मीं रात्रीं बंद केला होता, सकाळीं पुन्हां तोच त्रास" असें म्हणतात, ते खोटें बोलत नसतात. त्यांनीं फक्त चुकीचा शब्द निवडलेला असतो.

आतां आपल्या मुलखाच्या खास शत्रूंकडे वळूं. पहिला ऊन. जळगांव-भुसावळचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्याही वर जातो, हें येथल्या वाचकांस सांगावयास नको. संगणकाच्या मेंदूस स्वतःचीच ऊब पुष्कळ असते. ती बाहेर काढण्यास आंत पंखा असतो. बाहेरचीच हवा तापलेली, त्यांत सरकीच्या गिरण्यांकडून व जिनिंगकडून उडत येणारा कापसाचा तंतु, वर काळ्या मातीची धूळ. अशा स्थितींत पंख्याच्या पात्यांवर व खालच्या धातूच्या जाळीवर गोधडीसारखा थर बसतो. मेंदू तापला म्हणजे यंत्र स्वतःला वांचविण्यासाठीं आपला वेग आपणच कमी करतें, आणि फारच तापलें तर एकदम बंद पडतें. मालक म्हणतो, "संगणक जुना झाला, फार हळू चालतो." तो जुना झालेला नसतो, तो धापा टाकीत असतो. होळीच्या सुमारास एकदां आणि दिवाळीपूर्वीं एकदां वीज पूर्ण काढून, बाजूचें झांकण उघडून, मऊ कुंचल्यानें धूळ काढावी. कुंचला फिरवितांना पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें, उगाच गरगर फिरवूं नये. व आंतील कशासही हात लावण्यापूर्वीं पेटीच्या उघड्या धातूस स्पर्श करावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. आणि तें क्रोशाचें आच्छादन! मातेनें किंवा आजीनें प्रेमानें विणलेलें आहे, त्याचा मान राखावा. पण यंत्र चालूं असतां तें घडी करून बाजूस ठेवावें.

दुसरा शत्रु वीज. तिचें जाणें आणि तिचें येणें, दोन्ही. २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रानें भारनियमनाचे कसे दिवस काढले, तें पालकांस आठवत असेल. आतां स्थिति पुष्कळ सुधारली आहे. तरी क्षणभर जाऊन परत येणारी वीज संगणकाला लांबच्या अंधारापेक्षां अधिक बाधते, कारण हातांतलें लिखाण त्या क्षणीं नाहींसें होतें. यूपीएस त्यासाठीं असतो. पण तो वीज नसतांना काम रेटण्यासाठीं नव्हे, तर लिहिलेलें जतन करून यंत्र सभ्यपणें बंद करण्यासाठीं आहे. त्यांतील शिशाची बॅटरी उष्णतेनें लवकर मरते. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांस तिचें आयुष्य निम्मे होतें, असा ठोकताळा आहे. म्हणून यूपीएस खिडकीच्या उन्हांत ठेवूं नये, आणि लेसर प्रिंटर त्याच्यावर कधींही जोडूं नये. तो प्रिंटर तापतांना एकदम इतकी वीज ओढतो कीं बिचाऱ्या यूपीएसचा दमच निघतो.

पेटीस हात लावतांच मुंग्या येतात, ही तक्रार खेड्यांतून फार येते. आणि पुष्कळ लोक "थोडा करंट असायचाच" म्हणून ती सोडून देतात. हें मला मान्य नाहीं. संगणकाच्या वीजपेटींतून थोडी वीज नेहमींच धातूच्या सांगाड्याकडे झिरपते. भिंतींतील तिसरें, जाड छिद्र जर खरोखरच जमिनीशीं जोडलेलें असेल, तर ती मुकाट्यानें जमिनींत जाते. तें जोडलेलें नसेल, तर ती आपल्या बोटांतून वाट शोधते. उन्हाळ्यांत अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो व त्याचा गुण कमी होतो. त्यांत पाणी घालण्याची जुनी पद्धत उगाच पडलेली नाहीं. दोन पायांच्या प्लगांत बसावें म्हणून तिसरा पाय मोडून टाकणारा मनुष्य मात्र आपल्याच मुलांच्या वाटेंत खड्डा खणतो. हें काम वायरमनचें आहे. येथें स्वतःचा हात चालवूं नये. त्याचप्रमाणें जिच्यांत भिंतींतील वीज शिरते ती बंद वीजपेटी कोणीही उघडूं नये, कारण वीज काढल्यावरही तिच्या पोटांत जोराचा झटका देण्याइतकी वीज कांहीं वेळ साठून राहते.

मराठीनें संगणकांत जो छळ सोसला आहे, त्याविषयीं मी थोडा अधिक लिहिणार आहें. तो केवळ यंत्राचा प्रश्न नाहीं. कित्येक शिक्षकांच्या जुन्या प्रश्नपत्रिका नव्या संगणकावर उघडल्या म्हणजे इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा काला दिसतो. "फाइल बिघडली" असें समजून ती पुसून टाकूं नये! पूर्वीं प्रत्येक मराठी अक्षरवळणाची सांकेतिक पद्धत निरनिराळी होती. इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी चित्रें बसविलेलीं असत. तें वळण ज्या यंत्रावर नाहीं, तेथें मुळांतील इंग्रजी अक्षरें उघडीं पडतात, एवढेंच. जुनें वळण बसविलें किंवा रूपांतर करणारें साधन वापरलें, तर मजकूर जसाच्या तसा परत मिळतो. १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या संस्थेनें भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचें मोठें काम केलें. आणि १९९१ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या युनिकोड ह्या जागतिक संकेतांत देवनागरीस १२८ घरांची स्वतंत्र आळी मिळाली. युनिकोडमध्यें लिहिलेलें पत्र जळगांवांत उघडा कीं लंडनमध्यें, तें मराठीच राहतें. म्हणून यापुढें प्रत्येक विद्यार्थ्यानें युनिकोडमध्येंच लिहावें.

तरीही एक खोडी उरते. "आचाऱ्यांना बोलवा" असें लिहावयाचें असतां "आचार्यांना बोलवा" असें उमटतें, आणि स्वयंपाकासाठीं बोलावलेल्या मनुष्याऐवजीं विद्वान् पंगतीस येतो! "दऱ्या" लिहावयास जावें तर "दर्या" उसळतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून इंग्रजी "जे"ची कळ दाबावी, म्हणजे पायाशीं टिंब असलेला ऱ येतो. त्यापुढें हलन्ताची "डी" आणि मग य. इतक्या तीन कळांत आपल्या भाषेंतील अर्थ वांचतो. हें न शिकल्यामुळें निमंत्रणपत्रिकांपासून निकालपत्रकांपर्यंत चुका छापल्या जातात व "संगणकांत येत नाहीं" असें कारण सांगितलें जातें. येतें, आपणच विचारलें नाहीं.

उरलेल्या खोड्या थोडक्यांत आटोपतों. प्रिंटर कागद देईना तर आधीं रांगेंत अडकलेलीं जुनीं कामें रद्द करावीं. पुन्हां पुन्हां "छाप" म्हटल्यानें रांग वाढते आणि मग एकदम चाळीस प्रती बाहेर पडतात. झेरॉक्सच्या दुकानांतून आणलेल्या पेनड्राइव्हमध्यें सर्व कागदपत्रांच्या जागीं बाण असलेलीं चिन्हें दिसलीं, तर त्यांवर टिचकी मारूं नये; रोगानें मूळ फायली बहुधा दडविलेल्या असतात, पुसलेल्या नसतात. आधीं रोगनाशक चालवावें, मग दडविलेल्या फायली दाखविण्याची सोय चालूं करावी, आणि त्या दुसरीकडे उतरून घ्याव्या. आणि पालकांस एक विनंती: पडद्यावर लाल चौकट येऊन, भोंगा वाजून, "तुमच्या संगणकास विषाणु लागला आहे, अमुक क्रमांकावर ताबडतोब फोन करा" असें दिसलें, तर तो फोन कदापि करूं नये. खरी व्याधि कधीं आपला दूरध्वनि क्रमांक सांगत नाहीं. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकत्र दाबून ब्राउझर बंद करावा, आणि मग कोणत्या पानाला आपण सूचना पाठविण्याची मुभा देऊन बसलों आहों, तें पाहून ती मुभा काढून घ्यावी. घरांतील वडील माणसें ह्या भोंग्यास घाबरून पैसे गमावतात. तेथें शाळेंतील मुलाची पांच मिनिटें फार मोलाचीं ठरतील.

आतां आक्षेपांकडे. कांहीं पालक म्हणतात, "पोरांनीं हात लावला कीं बिघडतें." कांहीं शाळांतून संगणकाच्या खोलीस कुलूप असतें, व तपासणीच्या दिवशीं तें उघडतें. मुलें हात लावतील तर एखादे वेळीं बिघडेल, हें मी कबूल करतों. परंतु ज्या मुलानें कधीं चुलीजवळ जाऊं नये, त्याला भाकरी कशी येणार? बिघडण्याचें भय धुंडाळण्यानें नाहीं, तर धसमुसळेपणानें असतें. एकाच वेळीं चार गोष्टी बदलल्या म्हणजे कोणत्या बदलानें काय झालें हें कळत नाहीं, आणि मग खरेंच बिघडतें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, फरक पडला नाहीं तर ती पूर्ववत् करावी, आणि काय केलें तें लिहून ठेवावें. हें लिहून ठेवणें मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें.

अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत मार्क टू नांवाचें एक प्रचंड गणकयंत्र होतें. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं तें चुकूं लागलें. तेथील मंडळींनीं तपास केला, तों ७० क्रमांकाच्या रिलेमध्यें एक पतंग अडकून मेलेला आढळला. त्यांनीं तो फेकून दिला नाहीं. त्या दिवसाच्या नोंदवहींत वेळेसह चिकटपट्टीनें चिकटविला व खालीं विनोदानें टीप लिहिली. यंत्रांतील दोषास किडा म्हणण्याची रीत एडिसनच्या काळापासूनच होती. येथें खराच किडा सांपडला, म्हणून ती गंमत. ती वही अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयांत अजून जपलेली आहे. एवढ्या विद्वानांस जर प्रत्येक बिघाड वहींत टिपावासा वाटला, तर आपणांस कमीपणा कसला?

माझी सूचना अशी आहे कीं, प्रत्येक शाळेच्या संगणकखोलींत एक जाड नोंदवही दोरीनें टेबलास बांधावी. बिघाड दिसेल त्या विद्यार्थ्यानें त्यांत दिनांक, यंत्राचा क्रमांक, काय दिसलें, काय करून पाहिलें आणि कशानें सुटलें, हें मराठींत लिहावें. आठवी-नववींतील सहा मुलामुलींची आळीपाळीनें नेमणूक करावी. त्यांत मुली अर्ध्या असाव्या, कारण घरीं संगणकापासून त्यांनाच आधीं उठविण्यांत येतें. दुरुस्तीवाल्यास बोलावण्याची वेळ आलीच, तर आधीं ती वही त्याच्यापुढें ठेवावी, आणि त्यानें काय केलें तें त्याच्यादेखत लिहून घ्यावें. चांगला कारागीर याला नाहीं म्हणणार नाहीं. नाहीं म्हणणाऱ्यास दुसऱ्यांदा बोलावूं नये.

माझ्या खोलींत अशी वही त्या शिष्यवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशीं सुरू झाली. पहिलें पान त्या मुलीच्या हस्ताक्षरांत आहे: यंत्र तीन; तारीख मागें; सेल बदलला; ठीक. खालीं तिनें एक नाणें ठेवून पेन्सिलीनें वर्तुळ काढलें आहे, सेलाचा आकार पुढच्यांस कळावा म्हणून.